नाल्याकाठी फॅन पामची रोपं आपोआप उगवली आहेत. गावात दोनशे लावण्याआधी धोका कसा तपासावा?

नाल्याकाठचा | ८ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका छोट्या गावातून लिहितोय. ग्रामपंचायतीनं या पावसाळ्यात गावाच्या प्रवेशरस्त्याला आणि पुढं नाल्याच्या काठाकाठानं शोभेचे फॅन पाम लावायचं ठरवलं आहे. दोनशे रोपं. मागच्या वर्षी नाल्याचं खोलीकरण झालं, त्यात काठावरची झुडपं गेली, माती उघडी पडली. तिथं काहीतरी देखणं हवं, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. बैठकीत मीही हो म्हणालो होतो.

रविवारी मात्र वेगळंच दिसलं. नाल्याच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवर असेच सहा पाम आहेत, २००७ साली लावलेले. चार-पाच वर्षांपासून त्यांना काळ्या फळांचे लांबच लांब घोस लागतात. त्याच्या खालच्या बाजूला करंजाच्या सावलीत मी विळ्यानं गवत कापत होतो, तर एक पातं कापलं जाईना. हातानं उपटायला गेलो तर तुटलं, मूळ आलंच नाही. खुरप्यानं उकरलं तेव्हा दोन बोटं खाली वाटाण्याहून लहान, गोलसर, तपकिरी बी चिकटलेली निघाली. मग नजर बसली. जे मी गवत समजत होतो, त्यात ती पाती जागोजागी होती. सहा झाडांपासून साधारण दोनशे पावलांवर, नाल्याच्या वळणाला, एक रोप गुडघ्याएवढं झालंय आणि त्याला पंख्यासारखं पान फुटलंय. ते कोणी लावलेलं नाही.

नाले भरून टाकणाऱ्या बेशरमच्या झुडपासारखं हे झाड पुढं होईल का? की मी उगाच घाबरतोय? उत्तर "मला वाटतं" असं नको, सरपंचताईंसमोर मांडता येईल असं हवं. धोका तपासायची काही रीत आहे का?

---

रोपवाटिकावाला | ८ जून, रात्री १०:३५

भाऊ, मी अठरा वर्षं नर्सरी चालवतो. पाम हे सगळ्यात कमी त्रासाचं झाड. पानगळ नाही, फांद्या तारांना लागत नाहीत, मुळं भिंत फोडत नाहीत, ढोरं खात नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात हिरवं राहणारं दुसरं काय देऊ गिऱ्हाइकाला? आणि विदेशी म्हणून नको म्हणायचं तर गुलमोहर मादागास्करचा, सीताफळ अमेरिकेतलं, पेरूही तिकडचाच. मग ते पण तोडायचे का?

---

वऱ्हाडी_गडी | ८ जून, रात्री ११:०५

भाऊ, मी सांगतो तं ऐका. आमच्या गावात बेशरम कोनं आनली माहीत हाये का? आमच्याच आज्यानं. ढोरं तोंड लावत नाही मनून वावराच्या कुंपनाले लावली. फांदी खुपसली की जगते, पानी द्या लागत नाही, फुलं बी सुंदर. समद्यायले आवडली. आता नाल्यात पाय टाकाले जागा नाही. पूर आला की तिथंच कचरा अडते अन् पानी वावरात घुसते. जेसीबीनं काढली तरी कांडी कांडीले फुटते.

तवा बी लोक हेच मनत होते, लय कमी तरासाचं झाड हाये.

---

वनस्पतीमास्तर | ९ जून, सकाळी ६:२०

नाल्याकाठचा, रोप उकरून बी पाहिलंत हे फार चांगलं केलंत. आधी ओळख पक्की करू. पुढच्या गोष्टी पाहून सांगा.

पानाच्या देठाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे वाकडे काटे आहेत का? पानाच्या चिरांमधून पांढरे, कापसासारखे धागे लोंबतात का? वाळलेली पानं गळून न पडता खोडाभोवती घागऱ्यासारखी लटकून राहतात का? फळ पिकल्यावर काळं आणि एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतं का?

चारही उत्तरं हो असतील तर तो वॉशिंग्टोनिया, आणि उंच, सडसडीत खोडाचा असेल तर वॉशिंग्टोनिया रोबस्टा. नर्सरीत "फॅन पाम" या एकाच नावाखाली लिविस्टोना म्हणजे चायनीज फॅन पामही विकला जातो. त्याचं फळ मोठं, निळसर-हिरवं असतं. दोघांचा धोका सारखा नाही, म्हणून नावापासून सुरुवात करायची.

आणखी एक. आपल्या शिंदीचं रोपही पहिल्यांदा गवताच्या पात्यासारखंच येतं. घाईत शिंदी उपटू नका. उकरून बी बघायची. शिंदीची बी खारकेच्या बीसारखी लांबट, एका बाजूनं खाच असलेली. तुम्ही गोलसर म्हणताय, म्हणजे शिंदी नाही.

---

नाल्याकाठचा | ९ जून, दुपारी १:१५

सर, आत्ताच जाऊन आलो. चारही हो. धागे तर इतके की सुगरणीनं घरट्याला न्यावेत. काट्यांनी मनगट ओरबाडलं. झाडं तीन मजली घराएवढी उंच, आणि वाळल्या पानांचा घागरा पार निम्म्या खोडापर्यंत.

---

वनस्पतीमास्तर | ९ जून, रात्री ८:४०

मग वॉशिंग्टोनिया रोबस्टाच. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. थोडं लांब लिहितो, कारण मी तीस वर्षं हा विषय शिकवला आणि गावपातळीवर कोणी विचारलं नव्हतं.

झाड देशात आणण्याआधीच त्याचा धोका तपासण्याची एक पद्धत ऑस्ट्रेलियात १९९७ पासून वापरात आहे. पुढे हवाईसह बऱ्याच ठिकाणी ती थोडी बदलून घेतली गेली. तिच्यात ४९ प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला गुण. एकूण गुण १ पेक्षा कमी आले तर झाड येऊ द्या, ६ पेक्षा जास्त आले तर नको, मधले आले तर आणखी अभ्यास करा. झाड सुंदर आहे का, हा त्यात प्रश्नच नाही. झाड कुठून आलं, दुसरीकडे कसं वागलं, बी कशी पसरते, किती लवकर फळतं, तोडल्यावर फुटतं का, जनावराला अपाय करतं का, असे ते प्रश्न आहेत.

यातला सगळ्यात वजनदार प्रश्न एकच: हे झाड आपल्या मूळ जागेबाहेर दुसरीकडे कुठं उपद्रवी झालंय का? आतापर्यंतच्या अनुभवात पुढच्या वागण्याचा याहून चांगला अंदाज दुसऱ्या कुठल्या गोष्टीवरून येत नाही. आणि वॉशिंग्टोनिया रोबस्टाच्या बाबतीत उत्तर हो आहे. मूळचं ते वायव्य मेक्सिकोतलं, बाहा कॅलिफोर्निया आणि सोनोराच्या कोरड्या घळींतलं. शोभेसाठी कॅलिफोर्नियाच्या शहरांत मोठ्या प्रमाणावर लागलं आणि तिथून ओढ्यानाल्यांत उतरलं. कॅलिफोर्नियाच्या उपद्रवी वनस्पतींच्या यादीत ते "मध्यम" वर्गात आहे. फ्लोरिडातही बागेबाहेर पसरलेल्यांत त्याची गणना होते.

दुसरा प्रश्न हवामानाचा. कोणी म्हणेल, वाळवंटातलं झाड, आपल्या ८०० ते ११०० मिलिमीटर पावसात कुठं टिकणार? पण ते वाळवंटातही वाळूत वाढत नाही. जिथं जमिनीखाली पाणी असतं, त्या घळीत वाढतं. डोक्यावर ऊन आणि पायाशी ओल. आता हे वर्णन वाचून तुम्हाला कुठली जागा आठवते? मला वर्धा-यवतमाळचा प्रत्येक नाला आठवतो.

तिसरा प्रश्न बियांचा. या झाडाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर-पुंकेसर दोन्ही असतात. शिंदीसारखी नर-मादी झाडं वेगळी नसतात. म्हणजे एकटं झाडही बी धरू शकतं. फळाचा गर पातळ पण गोड. पक्षी गिळतात. त्याचा सख्खा भाऊ वॉशिंग्टोनिया फिलिफेरा, त्याच्या बिया अमेरिकेत कोयोट हा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी फळं खाऊन दूरवर टाकतो.

बाकी उद्या. डोळे थकले.

---

अवनी_चंद्रपूर | ९ जून, रात्री ९:३०

मास्तर, कोल्ह्याचं वाचून राहवलं नाही. मी जंगलालगतच्या गावांत काम करते. थंडीच्या दिवसांत पांदणीवर कोल्ह्याची विष्ठा पाहिली आहे का कोणी? निम्म्याहून जास्त बोराच्या बिया. उदमांजराचं तसंच, अस्वलाचंही तसंच. राखी धनेश, साळुंकी, बुलबुल, कोकीळ, वर वटवाघळं. फळ दिसलं की पोचवणारे आपल्याकडे तयारच आहेत. त्यांना ते झाड देशी की विदेशी, याच्याशी देणंघेणं नाही.

मला जास्त भीती वाळल्या पानांच्या घागऱ्याची आहे. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे वणव्याचे दिवस. मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, धुरे जाळतात, आणि ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. आपल्याकडचा वणवा बहुतेक जमिनीवरच्या पाल्यातून सरकतो. तो अशा घागऱ्याला लागला की एका झटक्यात वर चढतो आणि जळती पानं वाऱ्यावर लांब जाऊन पडतात. आणि त्यातून पाम स्वतः बहुधा वाचतो, कारण त्याचा जीव शेंड्याच्या आत, पानांच्या बुडख्यात झाकलेला असतो. त्याच्या शेजारचं चारोळीचं रोपटं वाचत नाही.

घागऱ्यात उंदीर राहतात हेही खरं. उंदीर आले की मागं साप येतात. गावाच्या रस्त्याला लावायचं असेल तर हे सांगायलाच हवं.

---

रोपवाटिकावाला | १० जून, सकाळी ८:१०

घागरा छाटता येतो. शहरात छाटतातच.

---

वऱ्हाडी_गडी | १० जून, सकाळी ८:२५

शहरात शिडीची गाडी हाये भाऊ. आमच्या ग्रामपंचायतीत पाच वर्षांपासून खांबावरचा दिवा बदलाले शिडी नाही. तीस फुटावर काट्याच्या झाडावर कोन चढते?

---

दर्यापूरची_लेक | १० जून, दुपारी ३:००

मी मूळची दर्यापूरची, सध्या स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात, तिचिनोमध्ये राहते. इथं जे पाहिलं ते सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

इथं चीनमधून आलेला एक पाम आहे, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी. एकोणिसाव्या शतकात युरोपात शोभेला आला. तळ्याकाठच्या हॉटेलांत, बंगल्यांत लावला. शंभरेक वर्षं तो बागेतच होता, कोणालाही त्रास नाही. जर्मन बोलणारे लोक तर त्याला "तिचिनोचा पाम" म्हणतात, इतका तो आपला वाटतो. मग साधारण १९७० नंतर हिवाळे सौम्य होत गेले. आधी थंडीनं रोपं मरत, ती जगू लागली. पक्ष्यांनी बिया नेल्या. आज मी घराच्या मागच्या जंगलात फिरायला जाते तेव्हा पानगळीच्या झाडांखाली, जिथं हिवाळ्यात ऊन जमिनीपर्यंत यायला हवं, तिथं माझ्या खांद्याएवढे पाम दाटीनं उभे असतात. खाली दुसरं काही उगवत नाही.

१ सप्टेंबर २०२४ पासून देशात या पामची विक्री बंद झाली. ज्यांच्या अंगणात आहे त्यांना सांगतात की फुलोरा कापून टाका, फळ धरू देऊ नका.

मला त्यातली शंभर वर्षं महत्त्वाची वाटतात. "आमच्याकडे पंधरा वर्षं आहे, काही झालं नाही" हे म्हणणं इथंही लोक करत होते. आणि नाल्याकाठचे भाऊ, तुमच्याकडे तर काही झालं नाही असंही म्हणता येत नाही. तुम्हाला गुडघ्याएवढं रोप सापडलंय.

---

तलावकाठ | १० जून, रात्री ९:१५

मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्याकडे जुने मालगुजारी तलाव आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत. बेशरम आणि जलपर्णीनं काही तलावांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. देवधान गेलं, कमळकंद गेले, मासे कमी झाले. बायका कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून बेशरम काढतात. मुळासकट काढली नाही तर पुढच्या वर्षी तेवढीच. काढून झाल्यावर तिथं पाणवनस्पती परत लावाव्या लागतात. आणायला एक दिवस पुरला होता, काढायला पिढी लागतेय.

माझा एकच प्रश्न आहे मास्तरांना. हा पाम आला आणि नको झाला, तर काढता येतो का?

---

वनस्पतीमास्तर | ११ जून, सकाळी ६:००

ताई, तुम्ही नेमका तो प्रश्न विचारलात जो मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात ठळक लिहिणार होतो.

मी विद्यार्थ्यांना धोक्याचे तीन भाग सांगायचो. येईल का? आला तर काय बिघडेल? आणि परत काढता येईल का? पहिल्या दोघांवर वाद होतो, तिसरा लोक विसरतात.

बातमी अर्धी चांगली आहे. बेशरम कांडीला फुटते, सुबाभूळ बुडख्यातून फुटते, वेडी बाभूळ तर कापल्यावर दुप्पट होते. वॉशिंग्टोनिया एकखोडी आहे. त्याला एकच कोंब, शेंड्याला. त्याच्या खालून तोडला की झाड मेलं, परत फुटत नाही. पण सवयीप्रमाणे बुंध्याची साल गोल काढून ठेवाल तर काही होणार नाही. पामला इतर झाडांसारखी सालीखालची वाढीची थर नसते, अन्नपाण्याच्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. साल काढणं म्हणजे नुसती मेहनत वाया. लहान रोपं पावसात माती मऊ असताना खुरप्यानं बीसकट उकरायची. नुसती ओढली तर पातं तुटतं, हे नाल्याकाठचा यांनी पाहिलंच आहे.

वाईट बातमी ही की हे सगळं दहा-वीस झाडांचं आहे. एका नाल्याचं दुसऱ्या नाल्यात गेलं, तिथून नदीला लागलं, दरडीच्या कपारीत उगवलं, मग कोण पोचणार? म्हणून काढता येईल का, याचं उत्तर "आत्ता हो, पुढे नाही" असं आहे.

नर्सरीवाल्या दादांच्या म्हणण्याला उत्तर द्यायचं राहिलं. त्यांचं म्हणणं मी टाळणार नाही, कारण ते निम्मं बरोबर आहे. परकं म्हणजे उपद्रवी नाही. २०२३ मध्ये जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचानं, आयपीबीईएसनं, अहवाल काढला. माणसानं जगभर ३७,००० हून जास्त जाती इकडून तिकडे नेल्या, त्यांतल्या ३,५०० हून जास्त उपद्रवी ठरल्या. म्हणजे बहुतेक परकी झाडं मुकाट राहतात. सीताफळ आपल्या डोंगरात रानटी झालं आणि आपण ते खातो, विकतो. पण जी थोडी निसटतात ती खूप नुकसान करतात. म्हणूनच सरसकट हो किंवा सरसकट नाही न म्हणता एकेक झाड तपासायचं.

पामांमध्येही फरक आहे. फॉक्सटेल पाम घ्या. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये केप मेलव्हिलच्या एका लहानशा खडकाळ भागात तो रानात सापडतो, फळ कोंबडीच्या अंड्याएवढं. आपला बुलबुल ते गिळू शकत नाही. त्याची भीती मला कमी वाटते. अरेका पाम बेटानं वाढतो, कुंडीत राहिला तर चिंता नाही. पण दुभाजकावर जे शोभेचे खजूर लावतात, विशेषतः कॅनरी पाम, ते शिंदीच्या जवळ नकोत. खजुराच्या कुळातल्या या जाती एकमेकींत सहज संकर करतात. कॅनरी बेटांवर तिथल्या मूळ पामचा वंश बाहेरून आणलेल्या खजुराच्या संकरानं गढूळ होतोय. इथं उलटं होऊन आपली शिंदी बिघडू नये.

---

नाल्याकाठचा | ११ जून, रात्री ९:००

सर्वांचे मनापासून आभार. काल-आज दोन सकाळी मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन नाला पायी चाललो, फार्महाऊसपासून पुलापर्यंत. मुलींनी वहीत लिहिलं. बी उकरून खात्री केलेली ४३ रोपं. त्यांतली ३९ पहिल्या शंभर पावलांत, बहुतेक करंज-जांभळाखाली, म्हणजे पक्षी जिथं बसतात तिथंच. गुडघ्याएवढी दोन. एक पुलाच्या दगडी भिंतीच्या फटीत, पाण्याच्या पातळीच्या जरा वर. ते पाण्यानं आणलं असावं, कारण वर बसायला झाडच नाही.

नाल्यापासून दूर, उघड्या बरड जमिनीवर आम्ही तेवढंच अंतर शोधलं. एकही नाही. सरांचं ओलीचं म्हणणं पटलं.

तीन शिंदीची रोपं सापडली, ती तशीच ठेवली.

आता अडचण. रोपांची निम्मी रक्कम आगाऊ देऊन झाली आहे. सरपंचताई मनानं चांगल्या आहेत, पण म्हणतात, पैसे बुडाले तर लोक मलाच विचारतील.

---

रोपवाटिकावाला | १२ जून, सकाळी ७:४५

४३ वाचून मी काल रात्री आमच्याच नर्सरीच्या मागं बॅटरी घेऊन गेलो. कुंपणाच्या पलीकडे, जिथं आम्ही ठिबकची शेवटची नळी सोडतो, त्या ओल्या जागेत सात मिळाली. मी रोज तिथून जातो.

तुमची रोपं माझ्या नर्सरीतली नाहीत. पण जे पुरवणार आहेत त्यांना विचारून बघा, आगाऊ रकमेत करंज, जांभूळ, अर्जुन, कडुनिंब बदलून देतील. आम्ही तरी देतो. पामचं एक रोप पाचसहा देशी रोपांच्या किमतीचं असतं, उलट रोपं जास्त मिळतील. आणि पाम घ्यायचेच असतील तर नाल्यापासून लांब, शाळेच्या आवारात चार-दोन, आणि फुलोरा दरवर्षी कापायची जबाबदारी लिहून घ्या.

---

अवनी_चंद्रपूर | १२ जून, सकाळी ९:०५

दादा, तुम्ही बॅटरी घेऊन गेलात हे वाचून खूप बरं वाटलं. गिऱ्हाइकाला तुम्ही सांगितलेलं आमच्यापेक्षा जास्त पटतं.

नाल्याकाठचा, एक मार्ग सुचवते. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवहीही. बऱ्याच गावांत ती कपाटात पडलेली असते. तुमच्या मुलीच्या वहीतली नोंद तारखेसह, जागेसह त्या नोंदवहीत घालून घ्या. मग हे एका माणसाचं म्हणणं राहत नाही, गावाचा कागद होतो. सोबत हेही सांगा की गुजरात सरकारनं २०२३ मध्ये कोनोकार्पस या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. तोही रस्त्याकडेला शोभेसाठी, कमी पाण्यात हिरवा राहतो म्हणूनच लावलेला होता. लावून झाल्यावर थांबवलं. तुम्हाला लावायच्या आधी थांबायची संधी आहे.

---

तलावकाठ | १२ जून, दुपारी २:३०

देखणं हवं असेल तर शिंदीच लावा की. आमच्याकडे विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीची घरटी लोंबतात, त्याहून देखणं काय असतं? पानांचे फडे होतात, चटया होतात. दिवाळीआधी दोन बायकांना काम मिळतं.

---

वऱ्हाडी_गडी | १२ जून, दुपारी २:५०

शिंदीचं नाव काढलं की लोकायले ताडीचं दुकान आठवते, मनून गावात नाही मनतात. पन ताई बरोबर सांगून राह्यल्या. मायी माय शिंदीचाच फडा वापरते, दुकानातला झाडू तिले चालत नाही.

---

वनस्पतीमास्तर | १२ जून, रात्री ८:००

शिंदी नाल्याच्या धुऱ्यावर उत्तम, रस्त्याला नको, पानाच्या बुडाचे काटे पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. काठाला माती धरायला करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. पाण्याच्या अगदी कडेला उंबर आधी.

फार्महाऊसची सहा झाडं तोडा असं मी लगेच म्हणणार नाही. मालकाशी वैर घेऊन काही साधत नाही. घोस पिकण्याआधी, फळं हिरवी असतानाच कापायचे आणि खाली न टाकता जाळायचे. वाळली पानं उन्हाळ्याआधी उतरवायची, पण हिरवी पानं ओरबाडायची नाहीत. ओल्या जखमेच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो. तो मूळचा आपल्याच भागातला, आणि त्याला शिंदीही चालते.

४३ रोपं जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर काढा. पुलाच्या भिंतीतलं मात्र आत्ताच काढा. पावसात तिथं जाता येणार नाही.

---

नाल्याकाठचा | २१ जून, रात्री १०:१०

उशिरा लिहितोय, पेरणीची धांदल होती.

सरपंचताईंना आणि दोन सदस्यांना घेऊन नाल्यावर गेलो. मी काही बोललो नाही. मुलीनं खुरप्यानं एक रोप उकरून ताईंच्या हातावर ठेवलं, बी चिकटलेली. ताईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही लावलं नाही?" मग त्या पुलापर्यंत स्वतः चालत गेल्या.

नाल्याकाठची लागवड रद्द. रस्त्याला कडुनिंब आणि करंज, काठाला अर्जुन, जांभूळ, उंबर. पुरवठादारानं रक्कम वळती करायला होकार दिला, फक्त उंबराची रोपं त्याच्याकडे नाहीत, ती आम्हीच फांद्या लावून करणार. समितीची नोंदवही सापडली, २०१९ नंतर एकही पान भरलेलं नव्हतं. त्यात आता ४३ रोपांची यादी आहे, मुलींच्या अक्षरात.

फार्महाऊसच्या मालकांनी घोस कापायला परवानगी दिली, पण झाडं ठेवणार म्हणाले. त्यांच्या वडिलांनी लावली होती, आणि वडील आता नाहीत. मी पुढं काही बोललो नाही. या वर्षीचे घोस आम्हीच उतरवणार. बांबूला कोयता बांधून वर पोचतं का, ते रविवारी बघतो. पोचलं नाही तर जवळपास कोणाकडे लांब शिडी आहे का, कळवा.

पुलाच्या भिंतीतलं रोप काढलं. मूळ फटीत हातभर आत गेलं होतं.

---

वऱ्हाडी_गडी | २१ जून, रात्री १०:४०

शिडी हाये. संत्र्याच्या बागेतली, अठरा फुटाची. आर्वीले भाचा येते शनिवारी, त्याच्या गाडीत टाकून देतो.